लांब पल्ल्याचा धावपटू आणि गावची शाळा

एक जुनी हकीकत सांगून आरंभ करतो. १९१९ सालची गोष्ट. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर मैदानी शर्यती भरल्या होत्या. सर दोराबजी टाटा हे जिमखान्याचे अध्यक्ष होते. त्या शर्यतींत खेड्यांतून आलेली शेतकरी मंडळी अनवाणी पायांनी लांब पल्ला पळत होती. पायांत बूट नाहीत, पाठीशी शिक्षक नाही, शर्यतीचे शास्त्र ठाऊक नाही. आणि तरीही त्यांची वेळ घड्याळावर पाहिली तेव्हा ही माणसे युरोप-अमेरिकेतील धावपटूंच्या फारशी मागे नाहीत, असे टाटांच्या ध्यानात आले. त्यातूनच १९२० साली बेल्जममधील अँटवर्पच्या ऑलिंपिकला आपले पथक गेले. बेळगावचे फडेप्पा चौगुले त्यात होते. त्या वर्षीची मॅरेथॉन ४२ किलोमीटर ७५० मीटरांची होती. चौगुले ती २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत पळाले आणि १९ वे आले. पहिला आला तो फिनलंडचा हान्नेस कोलेहमायनेन. त्याची वेळ होती २ तास ३२ मिनिटे ३५ सेकंद.

आता पुढची हकीकत ऐका. १९७६ साली माँट्रियलच्या ऑलिंपिकमध्ये आपला शिवनाथ सिंग मॅरेथॉनमध्ये ११ वा आला. दोन वर्षांनी, १९७८ साली, जालंधरला त्याने हेच अंतर बरोबर २ तास १२ मिनिटांत तोडले. हा राष्ट्रीय विक्रम पुढे ४० वर्षांहून अधिक काळ कोणालाही मोडता आला नाही!

या गोष्टीचा अभिमान वाटावा की खेद? मला विचाराल तर शिवनाथ सिंगाचा अभिमान आणि बाकी आपल्या सर्वांचा खेद. कारण एवढाल्या देशात एक माणूस निघतो, जगाच्या पंगतीत बसतो आणि त्याच्यामागून ४० वर्षे कोणी येत नाही, याचा अर्थ तो माणूस आपण घडविलेला नव्हता. तो आपला आपण उगवला होता. बांधावर आपोआप उगवलेले आंब्याचे झाड गोड निघाले म्हणून त्याला कोणी आमराई म्हणत नाही.

आमराई लावायची म्हणजे काय करावयाचे, राष्ट्राने लांब पल्ल्याचे उत्तम धावपटू घडविण्याची योजना कशी आखावी आणि तीत खेड्यातल्या शाळेचा वाटा कोणता, हा आजचा विषय आहे.

दम म्हणजे काय?

आधी शरीराचे शास्त्र थोडक्यात पाहू, म्हणजे पुढचे सगळे समजेल. शंभर मीटर पळणाऱ्याला चपळ स्नायू लागतात आणि ते पुष्कळसे जन्मानेच मिळतात. पाच हजार मीटर, दहा हजार मीटर, मॅरेथॉन या शर्यतींना लागतो तो दम. दम म्हणजे हवेतला प्राणवायू फुप्फुसांत घेऊन, रक्तातून स्नायूंपर्यंत पोचवून, तेथे तो जाळून शक्ती निर्माण करण्याची ताकद. या वाटेवर चार ठिकाणी काम चालते. हृदय एका ठोक्यात किती रक्त फेकते, रक्तात हिमोग्लोबिन किती आहे, स्नायूंत केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे किती दाट आहे, आणि पेशींतल्या तंतुकणिका किती आहेत. तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकात ज्यांना पेशीचे शक्तिकेंद्र म्हटलेले असते, त्याच या तंतुकणिका.

ही चारही ठिकाणे सरावाने सुधारतात, ही मोठी आनंदाची गोष्ट आहे. सामान्य माणसाची नाडी स्वस्थ बसलेला असताना मिनिटाला ७० च्या आसपास पडते. मुरलेल्या धावपटूची ४०-४५ वर येते. हृदय मोठे आणि बळकट झाल्यामुळे त्याला कमी ठोक्यांत तेच काम साधते. परंतु हा बदल एका हंगामात होत नाही. सात-आठ वर्षे, कधी दहा वर्षे, न थांबता पळावे तेव्हा तो होतो. आणि हे पळणे बहुतांशी हळू असते! सोबत्याशी बोलता येईल इतक्या सावकाश. जगातले नामवंत धावपटू आपल्या सरावातला सुमारे चार-पंचमांश भाग असा हळूच पळतात. राहिलेला एक-पंचमांश भाग मात्र खराखुरा कष्टाचा असतो.

ही गोष्ट पहिल्यांदा जगाला नीट पटवून दिली न्यूझीलंडच्या आर्थर लिडियार्ड यांनी. ते बुटांच्या कारखान्यात काम करीत. ऑकलंड शहराच्या आपल्या भागातली पोरे त्यांनी गोळा केली आणि त्यांना डोंगररस्त्यांवरून आठवड्याला शंभर-शंभर मैल पळविले. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्यांच्या पीटर स्नेलने ८०० मीटरला आणि मरी हॅलबर्गने ५,००० मीटरला एकाच दिवशी सुवर्णपदक मिळविले. बॅरी मॅगीने मॅरेथॉनला कांस्यपदक मिळविले. तीनही पोरे एका माणसाच्या हाताखालची. पुढे फिनलंडने लिडियार्ड यांना बोलावून घेतले आणि १९७२ व १९७६ या दोन्ही ऑलिंपिकमध्ये फिनलंडच्या लासे व्हिरेनने ५,००० आणि १०,००० मीटरची सुवर्णपदके जिंकली.

यातून एक गोष्ट ध्यानात घ्या. गुणी पोरे सगळीकडेच असतात. ती हेरणारा, आणि हेरल्यावर दहा वर्षे न सोडणारा माणूस मात्र सगळीकडे नसतो.

योजनेची पहिली पायरी

राष्ट्रीय योजना म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे राजधानीतली कचेरी, मोठे क्रीडांगण आणि परदेशी प्रशिक्षक येतात. हे सर्व लागतेच. पण तो कळस झाला, पाया नव्हे. पाया पाहावयाचा असेल तर केनिया देशातल्या इटेन या गावी चला.

इटेन समुद्रसपाटीपासून सुमारे २,४०० मीटर उंचीवर आहे. तेथे सेंट पॅट्रिक्स नावाची मुलांची शाळा आहे. १९७६ साली आयर्लंडहून कॉम ओकॉनेल नावाचे एक धर्मबंधू या शाळेत भूगोल शिकवायला आले. पळण्याच्या शिक्षणाचा त्यांना गंधही नव्हता. पण पोरे पळत होती, म्हणून ते पाहू लागले. पाहता पाहता शिकले आणि शिकता शिकता शिकवू लागले. या शाळेचा पीटर रोनो १९८८ साली १,५०० मीटरचा ऑलिंपिक विजेता झाला. मॅथ्यू बिरीर १९९२ साली स्टीपलचेसचा. काही वर्षांसाठी आलेला हा भूगोलाचा मास्तर तेथेच राहिला आणि इटेन हे जगातल्या धावपटूंचे तीर्थक्षेत्र बनले.

तुम्ही म्हणाल, त्यांना उंचावरचे गाव मिळाले. खरे आहे, उंचीचा लाभ होतो, त्याविषयी पुढे सांगतो. पण तेवढ्या उंचीवरची गावे जगात हजारो आहेत. त्यांतून ऑलिंपिक विजेते का निघत नाहीत? फरक इतकाच की इटेनला शाळा होती, शाळेत लक्ष देणारा शिक्षक होता आणि एका विद्यार्थ्यामागून दुसरा येत राहील अशी रीत होती.

आपल्याकडे पोरे नाहीत काय? पहाटे कोणत्याही तालुक्याच्या रस्त्याला जाऊन पाहा. पोलीस भरतीच्या आणि सैन्यभरतीच्या तयारीसाठी मुले-मुली धापा टाकीत पळताना दिसतील. एवढी पळणारी तरुणाई फार थोड्या देशांत असेल. पण त्यांचे ध्येय असते सोळाशे मीटर, मुलींचे आठशे. भरती झाली की पळणे संपले. भरती न झाली तरीही संपलेच. या हजारोंपैकी कोणाच्या छातीत दहा हजार मीटरचा दम आहे, हे पाहण्याची व्यवस्था गावात कोठेही नाही.

गळती कोठे होते?

आता मुख्य मुद्द्यावर येतो. विहिरीला पाणी भरपूर आहे, पिकालाही पाणी हवे आहे, पण मधला पाट फुटलेला आहे, अशी आपली स्थिती आहे. शाळकरी वयात आपली मुले पळतात. ऑलिंपिकपर्यंत पोचलेल्याला सरकार मदत करते. २०१४ साली केंद्र सरकारने ऑलिंपिक पदकाच्या टप्प्यातल्या खेळाडूंसाठी योजना काढली. तीत निवडलेल्या खेळाडूला सराव, प्रवास व उपचारांच्या खर्चाखेरीज महिना ५०,००० रुपये हातखर्चाला देण्याची तरतूद झाली. २०१८ पासून ‘खेलो इंडिया’ योजनेत निवडलेल्या लहान खेळाडूंना महिना १०,००० रुपये मिळू लागले. ही पावले चांगलीच आहेत. पण सोळाव्या वर्षी जिल्ह्यात पहिली आलेली आणि अद्याप देशात पहिल्या दहांत न बसलेली मुलगी जाईल कोठे? सोळा ते बावीस या सहा वर्षांतच आपण बहुतेक धावपटू गमावतो. आणि दम पिकतो तो नेमका त्यानंतर.

येथे मला एक कबुली द्यावयाची आहे. मी महाविद्यालयात इतिहास शिकवतो आणि काही वर्षे जिमखान्याचेही काम पाहत होतो. एका वर्षी आमच्याकडे एक मुलगी आली. कोरडवाहू शेतकऱ्याची पोर, अंगाने किडकिडीत. पण पळायला लागली की मुले मागे पडत. आम्हाला आनंद झाला. आनंद कसला, हाव सुटली म्हणा ना! विभागीय स्पर्धेत दोन दिवसांत मी तिला तीन शर्यतींत उतरविले, कारण ढाल आम्हाला हवी होती. शिवाय दर रविवारी कोठे ना कोठे बक्षिसाची शर्यत असे. जत्रेची, जयंतीची, २६ जानेवारीची. त्या पैशांवर तिच्या घरचे तेल-मीठ भागत असे, म्हणून तीही नाही म्हणेना आणि मीही तिला अडविले नाही. ती म्हणे, “सर, नडगी ठणकतेय.” मी म्हणे, “बाम लाव, उद्या बरं वाटेल.” तिसऱ्या महिन्यात डॉक्टरांनी फोटो काढला तेव्हा नडगीच्या हाडाला चीर गेलेली होती. रक्त तपासले तर हिमोग्लोबिन ९ भरले. बाईमाणसाला ते निदान १२ असावे लागते. पाळी चार महिन्यांपासून बंद होती. तिने ते कोणाला सांगितले नव्हते, आणि विचारायचे असते हे मला ठाऊक नव्हते.

ढाल अजून आमच्या कपाटात आहे. ती मुलगी पुन्हा पळाली नाही. तिचे लग्न झाले, सुखात आहे. मला भेटली तर नमस्कारही करते. पण मी जेव्हा जेव्हा राष्ट्रीय योजनेविषयी बोलतो तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे कागदावरचे आकडे येत नाहीत, ती नडगी येते.

तेव्हा, योजना चांगली की वाईट हे कशावरून ठरवावे? पदकांवरून ठरवू नये. पदक हे वीस वर्षांचे फळ असते. माझी कसोटी सोपी आहे. आज सोळा वर्षांच्या ज्या शंभर मुला-मुलींची नावे जिल्ह्याच्या वहीत आहेत, त्यांपैकी बाविसाव्या वर्षी किती जण धडधाकट अंगाने अजून पळत आहेत, एवढेच मोजावे. हा आकडा वाढला की पदके मागून येतील.

मधला पाट कसा बांधावा?

जपानचे उदाहरण येथे शिकण्यासारखे आहे. तेथे ‘एकिदेन’ नावाची रस्त्यावरची टप्प्याटप्प्यांची शर्यत असते. आपला भिडू आला की पुढच्याने पळायचे. तोक्यो ते हाकोने आणि परत, अशी विद्यापीठांची एकिदेन १९२० पासून चालू आहे. म्हणजे ज्या वर्षी आपले चौगुले अँटवर्पला पळाले, त्याच वर्षी ती सुरू झाली. दरवर्षी २ आणि ३ जानेवारीला सुमारे २१७ किलोमीटरचे अंतर एकेका संघाचे दहा गडी मिळून तोडतात आणि सारा देश घरी बसून ते पाहतो. शाळेतून मुलगा विद्यापीठाच्या संघात जातो आणि तेथून कारखान्याच्या किंवा कंपनीच्या संघात. पोटाची काळजी नाही, सोबत आहे, आणि पहिला आला नाही तरी संघाला त्याची गरज आहे. दहा जणांची गरज असली की दहा जण टिकतात. एकट्या पहिल्याचेच कौतुक केले की बाकीचे नऊ जण घरी जातात.

आपल्याकडे हे काम काही प्रमाणात सैन्यदल, रेल्वे आणि पोलीस करतात. त्याचे ठळक उदाहरण म्हणजे अविनाश साबळे. बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातले मांडवा हे त्याचे गाव. आई-वडील वीटभट्टीवर राबणारे. बारावीनंतर तो सैन्यात महार रेजिमेंटमध्ये गेला. सियाचीनच्या बर्फात आणि राजस्थानच्या वाळूत नोकरी केली. २०१५ पासून सैन्यातल्या क्रॉसकंट्री शर्यतींतून तो पळण्याकडे वळला आणि अमरीश कुमार या सैन्यातल्याच प्रशिक्षकाने त्याला स्टीपलचेसकडे नेले. स्टीपलचेस म्हणजे ३,००० मीटरची अडथळ्यांची शर्यत. २८ वेळा अडथळा आणि ७ वेळा पाण्यावरची उडी, आणि पुरुषांच्या अडथळ्याची उंची ९१ सेंटिमीटरांहून थोडी अधिक.

या शर्यतीत गोपाळ सैनी यांचा १९८१ सालचा ८ मिनिटे ३०.८८ सेकंदांचा विक्रम ३७ वर्षे टिकून होता. साबळेने २०१८ साली भुवनेश्वरला तो मोडला, वेळ ८:२९.८०. म्हणजे सुमारे एका सेकंदाने. आता पुढे पाहा. २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ८:११.२०, रौप्यपदक, आणि पहिल्यापेक्षा अवघे ५ शतांश सेकंद मागे. १९९८ पासून त्या स्पर्धेत या शर्यतीची तिन्ही पदके केनियाच नेत आला होता. २०२३ साली हांगचौच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण. २०२४ साली पॅरिसमध्ये ८:०९.९१, आणि त्याच गावी ऑलिंपिकच्या अंतिम शर्यतीत ११ वा.

३७ वर्षांत देशाने एक सेकंद कमावला आणि पुढच्या सहा वर्षांत एका माणसाने वीस सेकंद. हे कसे झाले? माणूस गुणी होता हे तर खरेच. पण त्याला पगार होता, दोन वेळचे पुरेसे जेवण होते, ओळखणारा प्रशिक्षक होता, आणि पुढे सरकारी खर्चाने परदेशी उंच ठिकाणी राहून जगातल्या उत्तम धावपटूंबरोबर पळण्याची संधी मिळाली. साखळीतल्या सगळ्या कड्या एका माणसापुरत्या जुळून आल्या. त्या दहा माणसांपुरत्या जुळविणे, यालाच योजना म्हणतात.

आपल्या मुलींचेही पाहा. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत हिने २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरला कांस्यपदक मिळविले आणि त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्य. साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकच्या स्टीपलचेसमध्ये अंतिम शर्यतीत पोचली आणि १० वी आली. सावरपाडा, मोही, मांडवा! एक आदिवासी पाडा आणि दोन दुष्काळी गावे. आडात पाणी आहे, मंडळी; पोहरा आणि दोर यांची वाण आहे.

कळसाकडची कामे

वरच्या पायरीवर काय काय लागते ते आता थोडक्यात सांगतो.

पहिले, उंचीवरचा सराव. समुद्रसपाटीपासून दोन ते अडीच हजार मीटर उंचीवर हवा विरळ असते. प्राणवायू कमी पडला की मूत्रपिंडे एक रस सोडतात आणि त्यामुळे शरीर अधिक तांबड्या रक्तपेशी बनविते. असे तीन-चार आठवडे राहून खाली आले की दम वाढलेला असतो. आपल्याकडे निलगिरीत उटीला आणि हिमाचल प्रदेशात शिलारूला अशी सोय आहे. महाबळेश्वर आपल्याला उंच वाटते, पण ते सुमारे १,३५० मीटरच भरते. तेथे हवा गार मिळेल, रक्त फारसे वाढणार नाही. आणि ज्याच्या रक्तात लोहच कमी आहे त्याला उंचीवर नेऊन उपयोग नाही. विटा नसताना गवंड्याला बोलावण्यासारखे ते आहे.

दुसरे, प्रशिक्षकाची स्थिरता. वर्षावर्षाच्या करारावर नेमलेला प्रशिक्षक दहा वर्षांचा विचार कसा करील? त्याला या वर्षीच पदक दाखवावयाचे असते, नाहीतर करार गेला. मग तो पोरांना पिळतो. म्हणून प्रशिक्षकाची नेमणूक निदान दोन ऑलिंपिकइतकी, म्हणजे आठ वर्षांची असावी आणि त्याचे मोजमाप मी मघाशी सांगितलेल्या कसोटीने व्हावे. जिल्ह्यातल्या प्रशिक्षकाचा विद्यार्थी वर गेला तर त्या प्रशिक्षकाचे नाव पुसले जाऊ नये; त्यालाही मान आणि मानधन मिळत राहावे.

तिसरे, उत्तेजकांचा बंदोबस्त. याविषयी उघडपणे बोललेच पाहिजे. २०२२ सालच्या तपासण्यांत, ज्या मोठ्या देशांनी दोन हजारांहून अधिक नमुने तपासले त्यांत दोषी नमुन्यांचे प्रमाण भारताचे सर्वांत जास्त, म्हणजे शंभरात तीनहून अधिक निघाले. केनियातही अनेक नामवंतांवर बंदी आली आहे. हे विष वरून खाली येते असे समजू नका. भरतीच्या तयारीतल्या मुलाच्या खिशातही सुई सापडते. ज्याला दहा वर्षे थांबायला कोणी शिकविले नाही, तो दहा दिवसांचा उपाय शोधणारच. घाई हेच उत्तेजकाचे मूळ आहे.

तुम्ही काय करू शकाल?

शिक्षकबंधू-भगिनींनो, आता तुमच्याकडे येतो. तुमच्याजवळ धावपट्टी नाही, पैसा नाही, वेळही थोडाच आहे. तरी पाच गोष्टी तुमच्या हाती आहेत.

एक वही घाला. प्रत्येक पळणाऱ्या मुलामुलीचे एक पान. किती पळाला, किती झोपला, सकाळी उठल्यावर नाडी किती पडली, काही दुखते का. नाडी रोजच्यापेक्षा आठ-दहांनी जास्त दिसली तर त्या दिवशी विश्रांती. ही वही मुलाबरोबर पुढच्या शाळेत आणि महाविद्यालयात जाऊ द्या. माझ्याकडे त्या मुलीची अशी वही आली असती तर कदाचित मी शहाणा झालो असतो.

दुसरे, हळू पळवा. बोलता बोलता पळणे हाच नेम. वेगाचे पळणे आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा. शक्यतो मातीवर, उन्हाआधी. मोठ्या शर्यती वर्षातून सात-आठ पुरेत, आणि लहान मुलांना मॅरेथॉनसारखे पल्ले मुळीच नकोत.

तिसरे, रक्त तपासून घ्या. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. लोहाच्या गोळ्या शाळेत येतात, त्या मुली खरोखर गिळतात की खिशात ठेवतात ते पाहा. मुलीची पाळी नियमित आहे ना, हे शिक्षिकेने आपुलकीने विचारावे; ती बंद झाली असेल तर मुलगी पळते त्या मानाने खात नाही असे बहुधा समजावे, आणि दवाखान्यात न्यावे. खाणे महाग लागत नाही. भाकरी, उसळ, दूध, अंडे, गूळ-शेंगदाणे, हिरवी भाजी, वर लिंबू पिळलेले, पण पोटभर.

चौथे, वय खरे लिहा. दोन वर्षे लपवून मिळविलेले पदक खऱ्या वयाच्या दुसऱ्या एखाद्या पोराचा हक्क मारते, आणि लपविणारे पोरही पुढे मोठ्यांच्या गटात उघडे पडते.

पाचवे, रविवारच्या बक्षिसांचा प्रश्न. गरिबाच्या पोराला नुसते ‘शर्यतीला जाऊ नको’ म्हणणे सोपे आहे; घरची चूल कोण पेटविणार? येथे गावाने पुढे यावे. ग्रामपंचायत, दूध संस्था, तरुण मंडळ यांनी जत्रेच्या शर्यतीत पहिल्याला हजारो रुपये देण्याऐवजी त्याच पैशांतून गावच्या चार मुलांना वर्षभर महिन्याला ठरावीक रक्कम द्यावी. आणि शर्यत ठेवायचीच तर एकट्याची न ठेवता गावागावांच्या संघांची ठेवावी. दहा गावे, दहा-दहा गडी. पाहायला गंमतही अधिक येईल आणि शंभर पोरे टिकतील.

हे सर्व करून तुमच्या शाळेतून ऑलिंपिकचा धावपटू निघेलच असे मी म्हणत नाही. बहुतेक शाळांतून निघणार नाही. पण जो निघणार असेल तो तुमच्या हातून मोडणार नाही, आणि बाकीचे नव्याण्णव निरोगी हृदयाने आणि चांगल्या सवयीने आपापल्या कामाला लागतील. सरकारी योजनेतला कुठलाही रुपया याहून चांगल्या ठिकाणी खर्च होणार नाही.

उद्या सकाळी तुमच्या शाळेच्या वाटेवर एखादी किडकिडीत मुलगी दप्तर सावरीत सर्वांच्या पुढे पळत येताना दिसेल. तिला पाहून तुम्हाला आनंद होईल, झालाच पाहिजे. फक्त तिला लगेच शर्यतीत उतरवू नका. आधी तिचे नाव वहीत लिहा, आणि सकाळी काय खाल्लेस म्हणून विचारा.